नवतप्यातली अकरा मिनिटे

परवापासून नवतपा लागला. सूर्य रोहिणीत आला की पुढचे नऊ दिवस नागपूरची दुपार कोणाची उरत नाही. साडेअकरानंतर आमच्या गल्लीतली कुत्री नालीच्या ओल्या कडेला जाऊन पडतात. भाजीवाला सकाळी आठलाच येऊन जातो, तोही डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळून; नुसते डोळे दिसतात. काल पोस्टात निघालो तर सुनेने सदऱ्याच्या खिशात कांदा घातला. "बाबा, असू द्या. ऊन लागत नाही," म्हणाली. मी असू दिला.

नवतपा चांगला तापला की पुढे पाऊस चांगला, असे लोक मानतात. म्हणून या नऊ दिवसांबद्दल सगळे कुरकुरतात आणि मनातून समाधानीही असतात. मला ते समाधान नाही. गेली चाळीसेक वर्षे हे दिवस आले की मी घरात कमी बोलतो. घरचे समजतात, उन्हाने. मीही त्यांना तसेच समजू दिले आहे.

ऐंशीच्या दशकात मी नागपुरातच, जरीपटका भागात एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो आणि रोज सकाळी बसने कन्हानकडे जात होतो. सकाळी सातलाच बसच्या सीटचे रेक्झिन चटके देई. पुलावरून खाली पाहिले की नदीची एक बारीक धार दिसे, आणि बाकी सगळी वाळू. वाळूत डांगराचे, म्हणजे खरबुजाचे वेल पसरलेले, वेलांमध्ये गवताची एक खोपटी, आणि खोपटीच्या सावलीत पाय बाहेर काढून झोपलेला कोणीतरी. त्या माणसाचा मला रोज हेवा वाटे. पुढे कोळशाची खाण होती. तिथला कडुनिंबसुद्धा हिरवा नव्हता. पानावर बोट ओढले तर बोट काळे होई.

खाणीत आम्ही संगणक बसवला होता. जमिनीखाली हवा किती खेळते आहे, पेट घेणारा वायू कुठे साचतो आहे, हे आकडे तारांवरून वर येत आणि संगणक ते पाहत बसे. आकडा हद्दीबाहेर गेला की भोंगा वाजे आणि माणसे वर काढली जात. खाली एका पाळीला शेदीडशे माणसे. म्हणजे हा संगणक थांबून चालणार नव्हते. म्हणून तो एक नव्हता, दोन होते. एक काम करी. दुसरा शेजारच्या कपाटात तेच हिशेब मुकाट्याने करत राही आणि पहिला बिघडला की त्याच क्षणी काम हातात घेई. पडद्यावरचे आकडे एकदा लुकलुकत, इतकेच.

आमच्या तुकडीचे प्रमुख वर्माजी त्यांना एक नंबर आणि दोन नंबर म्हणत. थोरली आणि धाकटी ही नावे नामदेवरावांची. नामदेवराव नरखेड तालुक्यातले. घरी थोडी संत्र्याची झाडे होती, पण ती भावाकडे सोपवून ते आठ वर्षे खाणीवर रोजंदारीने होते. संगणकाच्या खोलीचा कुलर त्यांच्याकडे होता.

"जावा आहेत या दोघी, साहेब," पहिल्याच दिवशी दोन्ही कपाटांकडे पाहत ते म्हणाले. "थोरली बिमार पडली का धाकटीनं चूल सांभाळाची. पन पाहुन्याले समजू नाही द्याचं."

"आणि दोघी एकदम आजारी पडल्या तर?"

"मंग घरधन्यानं बाहेर जेवाव."

त्यांच्यापेक्षा मी दहाबारा वर्षांनी लहान होतो, पण ते मला साहेब म्हणत आणि मी त्यांना नामदेवराव.

आमचे काम बिघाड दुरुस्त करण्याचे नव्हते, बिघाड करण्याचे होते. चालत्या यंत्रातून एक कार्ड, म्हणजे तळहाताएवढी हिरवी पाटी, सरळ उपसून काढायची आणि घड्याळ हातात धरून पाहायचे, की दुसरे यंत्र काम उचलते का, किती वेळात उचलते, एखादा आकडा मध्येच सांडतो का. पहिले कार्ड उपसण्याआधी मी वर्माजींना दोनदा विचारले होते. पुढे सवय झाली. दिवसाला तीसचाळीस वेळा आम्ही एकीला मारून दुसरीला उठवत होतो. अशी एकवीस दिवसांची चाचणी. या एकवीस दिवसांत दोन्ही यंत्रे एकदमच थांबली, असे एकदाही होता कामा नये.

चाचणीला मे महिना वर्माजींनीच मागून घेतला होता. "ठंड में तो मेरे ससुराल का रेडियो भी चलता है," ते म्हणत. "मई में चला के दिखाओ।"

खोलीच्या खिडकीला मोठा कुलर होता, वाळ्याच्या ताट्यांचा. नळाचे पाणी वरपर्यंत चढत नसे, म्हणून नामदेवराव दोन बादल्या घेऊन खालून खेपा करत. सकाळी साडेआठला टाकी भरायची, मग दर दोन तासांनी. त्या दिवसांत टाकी दोनसव्वादोन तासांवर टिकत नसे. ताट्या ओल्या असल्या की खोलीत वाळ्याचा वास आणि सुकत आल्या की कोळशाचा. भिंतीवरचा तापमापक न पाहता आम्हाला नाकानेच कळे.

आमची एक रीत होती. ती कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती. काढलेले कार्ड कपाटासमोरच्या वेताच्या खुर्चीवर ठेवायचे. खोलीत बसायला तेवढी एकच धड खुर्ची होती. तिच्यावर कार्ड आहे तोवर कोणी बसायचे नाही आणि कोणी जेवायला जायचे नाही. कार्ड जागेवर गेले, खुर्ची मोकळी झाली, की मग जो दमला असेल त्याने बसावे. दुखणारे पायच माणसाला आठवण करून देत. नोंदवहीत 'काढले' आणि 'बसवले' असे दोन रकाने होते, पुढे सही. पण खरे सांगायचे तर आमचा विश्वास वहीपेक्षा त्या खुर्चीवर जास्त होता.

आता या वयात मी त्या दोन कपाटांचा विचार करतो तेव्हा वाटते, त्यांच्या चांगुलपणातच धोका होता. साधे यंत्र बिघडले की थांबते, आणि थांबले की चार माणसे धावून येतात. इथे एक मेले तरी काही बदलत नसे. आकडे चालू, पंखे चालू, खाली माणसे कोळसा फोडताहेत. मेलेल्या यंत्राच्या माथ्यावर एक लाल दिवा लागे आणि छापयंत्रावर दर अर्ध्या तासाला एक ओळ उमटे, की अमुक यंत्र बंद आहे. पण दिवसभर आम्हीच तो दिवा लावत आणि विझवत होतो. एकोणीस दिवसांत तो मला दिसेनासा झाला होता. निम्मे घर मेलेले असताना घर चालू दिसणे, हे आम्ही यश म्हणून मोजत होतो.

एकोणिसावा दिवस. साडेअकराला मी धाकटीचे एक कार्ड काढून खुर्चीवर ठेवले आणि दाराशी गडबड झाली. दिल्लीहून तपासणीचे मोठे साहेब दुसऱ्या दिवशी यायचे होते, ते त्याच दिवशी आले. सदरा पाठीला चिकटलेला, तोंड लाल झालेले. वर्माजी माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, साहब को कुर्सी दो!"

मी कार्ड उचलून कपाटाच्या माथ्यावर ठेवले आणि खुर्ची रुमालाने पुसून दिली.

'एक मिनिट थांबा' एवढेच म्हणायला हवे होते. पण उन्हातून आलेल्या पाहुण्याला आमच्याकडे कोणी उभे ठेवत नाही. ते माझ्या हाताने केले, डोक्याने नाही.

साहेब बसले. नामदेवरावांनी कैरीचे पन्हे आणून दिले. दुसरा पेला भरेपर्यंत साहेबांचा रंग माणसात आला. मग वर्माजींनी पडद्याकडे बोट दाखवून विचारले, "सर, इस वक्त दो में से एक मशीन बंद है। आपको पता चला?"

"बिल्कुल नहीं!" साहेब हसले. सगळेच हसले. रिकामा पेला उचलता उचलता नामदेवराव माझ्या कानाशी म्हणाले, "पाहा, समजू नाही दिलं पाहुन्याले."

आम्ही साहेबांना जीपपर्यंत सोडायला गेलो, मग त्यांच्याबरोबरच जेवायला गेलो. दोन वाजता परत आलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. रिकामी खुर्ची पाहून मी जे समजायचे ते समजलो. तिच्यावर बसलो, वही ओढली आणि 'बसवले'च्या रकान्यासमोर सही केली.

तीन वाजून काही मिनिटांनी थोरली थांबली.

पडद्यावरचे सगळे आकडे गेले. हिरव्या काचेत माझा स्वतःचा चेहरा दिसला. धाकटी उठायला हवी होती, उठली नाही. बाहेर भोंगा सुरू झाला. पडदा विझला की माणसे वर काढायची, असा नियमच होता. वर्माजी फोनकडे, मग बाहेर धावले. मी थोरलीला पुन्हा सुरू करू लागलो, ती होईना. मग धाकटीवरचा लाल दिवा दिसला. साडेअकरापासून तो तसाच जळत होता. माझा हात आपोआप कपाटाच्या माथ्यावर गेला. कार्डावर तेवढ्या वेळातही कोळशाची भुकटी बसली होती. ते फुंकून जागेवर बसवले आणि धाकटी उठली. आकडे परत आले. अकरा मिनिटे गेली होती.

खोलीत मी एकटा होतो. छापयंत्राच्या कागदावर साडेअकरापासून तीनपर्यंत आठ ओळी होत्या, आठही एकसारख्या: दोन नंबर बंद. तेवढी वीतभर पट्टी मी फाडली, घडी केली आणि खिशात घातली. कागदाची दोन टोके जुळवून चिकटवली. हे सगळे मी घाईत केले नाही. शांतपणे केले. 

मग बाहेर आलो. कोणालाही काही झाले नव्हते. माणसे एकेक करून वर येत होती आणि कडुनिंबाखाली बसत होती. पण भोंगा वस्तीपर्यंत गेला होता आणि बाया फाटकाशी धावत आल्या होत्या. कितीजणींच्या पायांत चप्पल नव्हती. तापलेल्या डांबरावर पाय टेकवेना. एक उचलायचा, दुसरा टेकवायचा, आणि तोंडाने नवऱ्याला हाका. आपला माणूस दिसला की ती बाई मटकन खाली बसे, मग डांबर भाजते आहे हेही तिला कळत नसे.

नामदेवराव त्या गर्दीत आपल्या दोन बादल्या घेऊन फिरत होते. "हळू पे गा, हळू. पोटात दुखन," असे एकेकाला सांगत पेल्याने पाणी पाजत होते. पाचपर्यंत ते तिथेच होते.

साडेपाचला वर्माजी आणि खाणीचे व्यवस्थापक आमच्या खोलीत आले. वर्माजींनी कुलरच्या ताटीला हात लावला. वाळा कडकडला. त्यांनी टाकीचे झाकण उघडले. "सूखा पड़ा है!" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात रागाबरोबर सुटकाही होती. कारण कुलर कोरडा म्हणजे खोली तापली, खोली तापली म्हणून दोन्ही यंत्रे एकदम थांबली. यंत्राचा दोष नाही. नामदेवरावांना बोलावले.

"आखिरी बार कब भरा था?"

"साडेबाराले भरलं, जी. मंग अडीचले..." ते थांबले. "साहेब आले होते. पन्हं केलं, पेले घासले... अडीचले भरलं असन."

"असन क्या होता है? पक्का बोलो।"

"पक्कं कसं बोलू? मले याद नाही."

त्यांनी 'भरलं' एवढा एक शब्द म्हटला असता तर कोणी काय करणार होते? पण न आठवणारी गोष्ट ते ठासून सांगू शकले नाहीत. वर्माजी माझ्याकडे वळले. "तुमने तो कार्ड वापस लगा दिया था ना?"

"हो," मी म्हणालो. "वहीत आहे."

अहवाल मीच लिहिला. माझे अक्षर चांगले होते. कुलरमध्ये पाणी न भरल्यामुळे खोली तापली, सबब बंद पडण्याचे कारण यंत्राबाहेरचे आहे. बाहेरचे कारण असले की तो बंद मोजायचा नाही, असे करारात होते. अकरा मिनिटे मोजली गेली नाहीत. एकविसाव्या दिवशी चाचणी पास झाली. थोरली खरोखर का थांबली, हे कोणी शोधले नाही. माणूस सापडला होता, मग यंत्र कशाला उघडायचे? कित्येक वर्षे मी लोकांना शिकवत आलो की कारण सापडेपर्यंत थांबू नये. हा एवढा प्रसंग मी कधी कोणाला उदाहरण म्हणून सांगितला नाही.

नामदेवरावांना काढून टाकले. त्यांचे कायम होण्याचे कागद त्याच महिन्यात वर गेले होते. कायम झाले की खाणीची खोली मिळणार होती आणि मुलगी मंदा इथे आठवीत बसणार होती. गावची शाळा सातवीपर्यंतच.

त्या रविवारी ते माझ्या जरीपटक्याच्या खोलीवर आले. हातात कैऱ्यांची थैली. बाहेर बाजाराचा गलका होता, ते आत येऊनही थैली हातात धरूनच बसले.

"साहेब, तुम्ही होते ना खोलीत," ते म्हणाले. "मी घरी पडून पडून तेच आठवून राहिलो. अडीचले बादल्या उचलल्या का नाही? कधी वाटते उचलल्या, कधी वाटते तो कालचा दिवस होता. तुम्ही टाकीत पाहालं होतं का?"

"माझं लक्ष नव्हतं, नामदेवराव."

"नसन," ते म्हणाले. "तुम्हाले तुमचं काम." कैऱ्या ठेवून गेले. मी त्या शेजाऱ्यांना देऊन टाकल्या.

त्यानंतर माझी बढती झाली, लग्न झाले, घर झाले. यंत्रेही चांगली निघाली, पुष्कळ वर्षे चालली. मी स्वतःची समजूत घालत असे, की कार्डाची चूक माझी, पण पाण्याची त्यांची. दोन बिघाड एकदम आले म्हणून यंत्र थांबले. एकटा मी नाही. आमच्या शास्त्रात ते अगदी बरोबर बसत होते.

या फेब्रुवारीत, मृग बहाराची संत्री तोडणीला आली असताना, मी एसटीने त्यांच्या गावी गेलो. बायको गेल्यापासून ठरवत होतो. नामदेवराव आता ऐंशीच्या पुढचे. विहिरीच्या मोटरपंपाशी बाजेवर बसले होते. मला ओळखायला थोडा वेळ लागला, मग ओरडले, "अवं, पानी आण वं! माहे साहेब आले नागपूरहून!"

विहिरीशेजारी सिमेंटची टाकी होती आणि टाकीमागची सगळी भिंत कोळशाच्या उभ्या रेघांनी भरली होती. जुन्या पुसट रेघांवर नव्या रेघा. पाणी घेऊन आलेल्या त्यांच्या सुनेला मी विचारले, हे काय? ती हसली. "टाकी भरली का बाबा रेघ मारते. मी आली तवापासून पाहून राहिली. गावातले लोक हासतात."

"हासू दे," नामदेवराव म्हणाले. "याद दगा देते. रेघ नाही देत. मंदीची शाळा याच्यानंच गेली ना, साहेब."

मी त्यांना सगळे सांगायला गेलो होतो. कार्डाचे सांगितले. खुर्चीचे, सहीचे, फाडलेल्या कागदाचे सांगितले. ते मान खाली घालून ऐकत राहिले. पंपाचा आवाज चालू होता. मला वाटले, आता उठतील, काही बोलतील, हात उचलतील. उचलला असता तर बरे झाले असते.

"म्हणजे कार्ड तुमचं आन पानी माहं," शेवटी ते म्हणाले. "अर्धं अर्धं झालं, साहेब. धाकटी तुमच्यानं पडली, थोरली माह्यानं." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बरं झालं सांगितलं. इतके साल मी पुरंच माहं समजून राहिलो होतो. आता हलकं वाटते."

मी तेव्हा बोलायला हवे होते. तोंड उघडलेही होते. पण तो हात गुडघ्यावर होता, आणि त्यांनी मला माझाच अर्धा वाटा देऊन मोकळे केले होते, आणि मी तो घेतला. त्यांनी पिशवीभर संत्री दिली, तीही घेतली. परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर होती आणि नागपूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतो.

समोर बसून जे सांगता आले नाही ते आता लिहितो आहे. हे छापून आले की तो अंक घेऊन मी पुन्हा त्या गावी जाणार आहे. त्यांची सून वाचून दाखवील. मी समोर बसेन, आणि या वेळी मध्येच उठणार नाही.

थोरली थांबली आणि वर्माजी बाहेर धावले, तेव्हा मी आधी यंत्राकडे गेलो नाही. खोली तापली असेल असे मलाही पहिल्यांदा वाटले, म्हणून मी कुलरकडे धावलो. झाकण उचलून टाकीत हात घातला. माझा हात कोपरापर्यंत भिजला. पाणी गार होते, नुकतेच ओतलेले. वर वाळ्याची एक काडी अजून गोल फिरत होती. साडेपाचला टाकी कोरडी होती, कारण साडेचारच्या खेपेला नामदेवराव त्याच बादल्यांनी खाणीतून वर आलेल्या माणसांना पाणी पाजत होते. नामदेवराव, अडीचची खेप तुम्ही भरली होती.